पिवळ्या पानांचं काय करू, वहिनी

वहिनी, आज सकाळी आणखी दोन पानं पिवळी पडली. तुम्हाला जाऊन पुरते दहा दिवसही झाले नाहीत आणि मी तुम्हाला सांगायला बसले आहे ते हे. खरं तर तुमच्याबद्दल काही चांगलं लिहायचं होतं. तुमची सायली म्हणाली, "काकू, आईबद्दल लिही काहीतरी, दहाव्याला वाचू." मी कागद घेतला, तुम्ही किती कष्टाळू, किती मायाळू, असं थोडं लिहिलं आणि खोडून टाकलं. तुम्ही मायाळू होतात, पण ते माणसाला दुसऱ्या वर्षी कळायचं. पहिल्या वर्षी तुमची भीतीच वाटायची.

भेटायला माणसं येतात. पडवीत बसतात, तुमच्या हातच्या घावनांची आठवण काढतात, डोळे पुसतात. मी मान हलवते आणि माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून मागच्या दारच्या पिशव्यांकडे. परवा कोणीतरी आमच्या ह्यांना हळूच म्हणालं, "शुभाला फार लागलंय, नजर कुठे ठरत नाही तिची." लागलंय हे खरंच. पण नजर चांगली ठरली होती, कोपऱ्यातल्या पिशवीतल्या खालच्या पानावर.

तुम्हाला हे नवीन नाही, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आपल्या वाडीतली पानवेल सासूबाईंच्याही आधीपासूनची. पान लहान, जरा लांबुळकं, आणि जिभेला असं तिखट की दुकानातलं पान मग गवतासारखं लागतं. वादळात पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्यावर चढलेल्या वेली त्यांच्याखालीच चेंगरल्या. ज्या वाचल्या त्यांना नंतर मर लागली. मुळं कुजली आणि उभ्या वेली वाळून गेल्या. रोग मातीतच बसलाय, या मातीत आता वेल नको, असं सगळ्यांनी सांगितलं. भाऊजी, सायलीचे बाबा, तर त्याआधीच गेलेले. आमचे हे म्हणाले, सोडून द्या. तुम्ही सरळ कोयता घेतलात, उरलेल्या एकुलत्या धड वेलीचे तुकडे कापलेत आणि मातीऐवजी पिशव्यांत भरलेल्या नारळाच्या भुशात लावलेत. सोडणातून, म्हणजे नारळाच्या वरच्या जाड सालीतून, काथ्या काढल्यावर जो भुसा राहतो, तो. बाजारात त्याला कोकोपीट म्हणतात आणि त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. मी म्हणाले, विटा आणू. तर तुम्ही म्हणालात, "नारळ घरचे, सोडणं घरची, आणि भुसा तेवढा विकतचा? मी मेल्यावर आण."

खाडीच्या कडेला जुने खड्डे आहेत. दोर वळणारी माणसं त्यात सोडणं पुरून ठेवायची, म्हणजे ती भिजून कुजून काथ्या सहज सुटायचा. आता दोर कोणी वळत नाही, पण काही सोडणं तिथे तशीच पडून होती. हाताने चुरगळावीत इतकी मऊ. ती तुम्ही गोणीत भरून रिक्षात घातलीत. रिक्षावाला वासाने हैराण, आणि तुम्ही त्याला रेवदंड्यापासून घरापर्यंत सांगत आलात की हे सोनं आहे. त्या सोन्यात लावलेल्या वेली हिवाळाभर चांगल्या फुटल्या. पाऊस पडून गेला की बघू, पुन्हा पोफळीवर चढवू, असं तुम्ही ठरवून टाकलं होतंत. त्या पिशव्यांपलीकडे या वेलीचं बेणं आता कुठेही नाही.

चैत्रात पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, जुनी. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, पान उलटं-सुलटं केलंत आणि म्हणालात, "भुकेलीय." मी म्हणाले, पाणी जास्त होतंय. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात पाणी कुणाला जास्त होतं? त्यावरून जे सुरू झालं ते चहापर्यंत चाललं, आणि चहा झाल्यावर पुन्हा. एका घरात दोघी जावा म्हटल्यावर लोकांना वाटतं भांड्यांवरून वाजत असेल, मुलांवरून वाजत असेल. आपलं वाजायचं ते झाडांवरून. तुम्ही शेणपाणी घालायचात, मी दुपारी पिशव्या सावलीत ओढायचे, तुम्ही संध्याकाळी परत जागेवर. बिचाऱ्या वेलींचा नुसता प्रवास झाला.

शेवटी मी फोन काढला. नारळाच्या भुशात लावलेल्या झाडाची पानं पिवळी का पडतात, एवढंच विचारलं. आणि उत्तरं आली ती सगळी गांजाची. जगात नारळाच्या भुशात झाडं लावून पानापानाची इतकी काळजी वाहणारी माणसं कोण, तर परदेशातले गांजा लावणारे. तिकडे कुठे कुठे त्याला परवानगी आहे म्हणे. फोटोंवर फोटो टाकलेले. पान असं पिवळं असेल तर हे कमी पडलं, तसं पिवळं असेल तर ते जास्त झालं. आणि खाली दुसऱ्या कोणाचा तरी घाबराघुबरा प्रश्न, माझं असंही नाही आणि तसंही नाही, मी काय करू. मला त्या माणसाचा फार कळवळा आला. मग एका जटावाल्याचे व्हिडिओ लागले, तो आपल्या झाडांपुढे बसून एकेक पान दाखवत समजवायचा.

तुम्ही हे ऐकलंत आणि पदर तोंडाला लावलात. "गांजेकसांचं ऐकून मी घरची पानवेल वाढवू? सासूबाई वरून बघतायत, शुभा." पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तुम्हीच विचारलंत, "तो जटावाला काय म्हणत होता काल?"

त्या जटावाल्याचं तुम्ही बुवा असं नाव ठेवलंत. तो इंग्रजीत बोलायचा, मी थांबवून थांबवून मराठीत सांगायचे. बुवाची समजावण्याची पद्धत मात्र चांगली होती. तो म्हणायचा, आधी बघा पिवळेपणा कुठून सुरू झाला. खालून असेल तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतंय. त्यावर तुम्ही लगेच, "म्हणजे थोरल्या जावेच्या ताटातलं काढून धाकटीला. आपल्याकडे हेच चाललंय." मग तुम्हाला बुवा आवडायलाच लागला. "गांजा लावतो, पण झाडाकडे बघतो कसा बघ," म्हणायचात. "त्याच्या आईने चांगलं वळण लावलंय."

आमच्या ह्यांनी मात्र तुम्हाला घाबरवलं. कोर्टात नोकरी झालेली, त्यामुळे बोलण्याला वजन. "दिवसभर फोनवर गांजा बघताय दोघी. अलिबागहून गाडी आली की आत जाल. आणि जामिनाला माझ्याकडे बघू नका." तुम्ही हसलात, पण त्या दिवसापासून बुवाला बघायचं तर मागच्या दारी, दार लोटून. एकदा मीटर वाचायला माणूस आला तर तुम्ही फोन सुपाखाली सारलात. मी आठवण काढून परवा हसले, माणसं बसलेली असताना. सगळ्यांनी वळून पाहिलं.

बुवाचं म्हणणं, नारळाचा भुसा मॅग्नेशियम वगैरे स्वतःकडेच धरून ठेवतो, झाडाला देत नाही. ते आपण वरून द्यायचं. मी अलिबागला जाऊन खताच्या दुकानातून पुडी आणली. तुम्ही ती उघडून पाहिलीत. पांढरी, खडेदार. "हे मीठ आहे," तुम्ही म्हणालात. "मी माझ्या वेलीला मीठ घालणार नाही." मी म्हणाले, मीठ नाही हो ते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस. विषय तिथेच राहिला, उद्या बघू म्हणून. आणि त्या मंगळवारी तुम्ही दुपारी जेवून जरा आडव्या झालात, त्या उठलाच नाहीत.

मला तुमच्यावर राग येतो, वहिनी, सांगूनच टाकते. असं अर्ध्यात उठून जातात का कोणी?

मग सुतक लागलं. पानवेल किती सोवळी ते मी तुम्हाला काय सांगायचं. वेलीत चप्पल घालून जायचं नाही, आणि आपल्या सासूबाईंच्या राज्यात बाईने महिन्याचे ते दिवस तिकडे फिरकायचंही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दिवसांत आडाच्या पलीकडे पाय टाकायला भ्यायचे. सासूबाई गेल्या त्यानंतर तुम्हीच एकदा माझं मनगट धरून मला सरळ वेलीत नेलंत. म्हणालात, "वेल काय पंचांग बघते? पानं खुडायला घे, माझी कंबर दुखतेय." कंबर दुखत नव्हती, मला माहीत होतं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, तुम्हीही नाही. ते राहूनच गेलं. आज बोलते. त्या दिवसापासून हे घर मला माझं वाटलं.

पण भाऊजी गेले तेव्हा तुम्ही सुतक पाळलंत. दिवस होईपर्यंत वेलीकडे फिरकला नाहीत. तिथे मी अडते आहे. एक नेम तुम्ही मोडलात आणि एक पाळलात, आणि कुठल्या बाजूने जायचं ते मला सांगून गेला नाहीत.

शेजारच्या आक्का रोज डबा घेऊन येत होत्या. आपल्या घरी चूल मंद, म्हणून. त्यांनी मला मागच्या दारी घुटमळताना पाहिलं. "शुभा, वेलीला शिवू नको हां. सुतक हाय. शिवलीस तर जळंल ती, मग रडत बसशील."

"पण आक्का, ती आधीच जळतेय."

"ती तिच्या मरनानं जळंल. तुझ्या हातानं कशाला?" मग त्याच म्हणाल्या, "सायलीचं तीन दिसांत फिटलं. लेक दिल्या घरची. तिला सांग की."

सायली तुमची पोर खरी, पण झाडांच्या बाबतीत अगदी वडिलांवर गेलेली. रो-रो बोटीने धावतपळत आली ती ऑफिसच्या कपड्यांत. मी तिला विचारलं तर म्हणाली, "काकू, मी मनी प्लांटसुद्धा मारलाय. दोनदा." तरी बसली बिचारी पिशव्यांपाशी उकिडवी. मी उंबऱ्याच्या आत, ती बाहेर.

"खालचं पान बघ. शिरा कशा आहेत?"

"कुठल्या शिरा?"

"पानाच्या गं. हिरव्या आहेत का?"

"हिरव्या. मधलं पिवळं. काकू, पिवळं म्हणजे पिवळंच आहे, त्यात काय बघायचं?"

"कडा बघ. कडा कशा आहेत?"

तिने पान उचलून उन्हात धरलं. "करपल्यासारख्या. तपकिरी. वरच्या पानांनाही थोड्या थोड्या."

तुम्ही असताना कडा करपलेल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पानं बघायची वेळ कुणावर येऊ नये, वहिनी. तपकिरी म्हणजे चहासारखं की गंजासारखं, करपलं म्हणजे कुरकुरीत की मऊ, प्रत्येक गोष्ट विचारावी लागत होती आणि ती पोर रडवेली होत होती. मला बुवाचं आठवलं. तो म्हणायचा, कडा करपल्या की वर बघू नका, खाली बघा. पिशवीतून गळणारं पाणी काय सांगतंय ते बघा. त्या पाण्यातला खार मोजायला त्याच्याकडे मीटर होतं. मी सायलीला म्हटलं, एक थाळी सरकव पिशवीखाली, वरून तांब्याभर पाणी घाल आणि थांब. थाळीत पिवळट पाणी उतरलं.

"आता बोट बुडव आणि जिभेला लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण लावलं. "खारट आहे."

"किती खारट? ताकाएवढं, की खाडीएवढं?"

"मला नाही सांगता यायचं, काकू," ती म्हणाली. "मी सकाळपासून रडतेय. मला सगळंच खारट लागतंय."

मी उंबरा ओलांडला. कसलाही विचार केला नाही असं नाही; विचार केला. भाऊजींच्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, वेलीला खरंच कळतं का हो? तुम्ही म्हणाला होतात, "वेलीचं नाही गं. मलाच भीती वाटते. आता ज्याला हात लावीन ते जाईल असं वाटतं." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला तेव्हा कळलं. मी थाळीत बोट बुडवलं आणि चाखलं. बंदरावर उभं असताना लाटेचं पाणी तोंडात जातं, ती चव.

खाडीतली सोडणं, वहिनी. दोराला ती उत्तम, दोर खारट असला म्हणून होडीला काय? पण त्याच भुशात आपण वेल लावली आणि भुसा आधी धुतला नाही. परगावच्या कोणी ही चूक केली नसती. त्यांच्याकडे खाडीत पुरलेली सोडणंच नसतात. त्यात आपल्या आडाचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. हिवाळ्यात वेलीने कसंबसं निभावलं, उन्हं तापली तशी भुशातला खार वाढत गेला आणि आपण रोज दोन वेळा प्रेमाने त्यात भरच घातली. तुम्ही म्हणत होतात भुकेली, मी म्हणत होते पाणी जास्त. दोघीही चुकलो. हे सांगायला तुम्ही समोर हव्या होतात. मी हरले याचं मला काही नाही, पण तुम्हाला हरलेलं मला एकदा बघायचं होतं.

इलाज एकच होता, गोड्या पाण्याने भुसा धू-धू धुवायचा. नळाचं पाणी एक दिवसाआड, आणि जे होतं ते पिंपात, दहाव्याला येणाऱ्या माणसांसाठी भरून ठेवलेलं. मी झाकण काढलं तशी हे म्हणाले, "वहिनींच्या दहाव्याचं पाणी आहे ते."

मी म्हणाले, "वहिनींच्याच वेलीला घालतेय."

मला वाटलं आता सगळं घर जमा होणार. तर ह्यांनी बाही वर केली आणि बादली उचलली. "तू घाल. मी ओढतो. आत जायचं तर सगळेच जाऊ." सायली हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. थाळीतलं पाणी आधी पिवळं, मग फिकं, मग जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत आम्ही ओतत राहिलो. मी दर थोड्या वेळाने चाखत होते. कुंपणापलीकडे आक्का उभ्या होत्या. तेव्हापासून डबा येतो, पण त्या येत नाहीत.

आणि धुतल्यावर पानं आणखी गळायला लागली. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण तुमच्यापासून लपवून काय करू. बुवा सांगायचा की मुळं दुखावलेली असतात, झाड आधी टाकून देतं, मग धरतं. घाई करू नका. त्याला काय जातं सांगायला. त्याचा गांजा गेला तर तो नवं बी टाकेल. आपली गेली तर बेणं आणायचं कुठून? आणि वेल गेली तर गावात म्हणतील, शुभाने सुतकात शिवली म्हणून गेली. म्हणू देत गावाला. पण मीही म्हणेन, वहिनी. मला माहीत आहे की मीठ होतं, मी जिभेने चाखलंय, तरीही मी म्हणेन. मला झोप लागत नाही ती त्या भीतीने. तुमच्यासाठी रडायला बसते आणि अर्ध्यात उठून पिशव्या बघायला जाते. हे तुम्हाला लागेल असं नाही वाटत. तुम्हीही तेच केलं असतंत.

एक गोष्ट मी आता शिकले. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. कितीही धुवा, काहीही घाला. ते गेलंच. त्याच्याकडे बघत बसायचं नसतं, शेंडा बघायचा. मला ते जमत नाही. मी पिवळीच बघत बसते, अजून एखादं परतेल म्हणून.

आज सकाळी कोपऱ्यातल्या वेलीला नवा शेंडा दिसला. नखाएवढा, फिकट. आपल्या वेलीचं कोवळं पान तसंही फिकटच असतं, त्यामुळे बरी होतेय की नव्यालाही लागण झाली, काही कळेना. मी वाकले, उभी राहिले, पुन्हा वाकले. आणि सवयीने हाक मारली, "वहिनी, जरा बाहेर येता का?"

आतून सायली आली. मी कुणाला हाक मारली ते तिला ऐकू गेलं होतं. ती माझ्याशेजारी बसली, तो शेंडा तिने बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे तोंड वर करून म्हणाली, "वाचेल ना गं, काकू?"

हा प्रश्न आजवर मी तुम्हाला विचारायचे. वादळानंतर विचारला, मर लागली तेव्हा विचारला, सायलीला लहानपणी ताप चढला तेव्हाही विचारला होता. तुम्ही दरवेळी माझ्याकडे न बघता म्हणायचात, वाचेल. इतक्या ठामपणे म्हणायचात की मी हातातल्या कामाला लागायचे. मला वाटायचं तुम्हाला काहीतरी दिसतंय, जे मला दिसत नाही. आज तिच्याकडे बघताना कळलं, वहिनी, तुम्हालाही काही दिसत नव्हतं.

मी पानावरचा भुसा पुसत म्हणाले, वाचेल.